पहिलं होम थिएटर: आधी मोजपट्टी, मग दुकान

होम थिएटर घ्यायचं ठरलं की घरात आधी टीव्हीच्या इंचांवरून वाद होतो, मग वॅटवरून. हे दोन्ही नंतर बघता येतं. आधी मोजपट्टी घेऊन हॉलची लांबी, रुंदी, उंची, दारं-खिडक्या आणि मुख्य म्हणजे सोफ्यावर बसल्यावर डोकं नेमकं कुठे येतं, ते कागदावर मांडा. पुढचे बहुतेक निर्णय हा कागदच करून देतो.

नमुन्यादाखल नाशिकमधल्या टू-बीएचकेचा हॉल घेऊ. दहा फूट बाय पंधरा फूट, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका टोकाला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. पंधरा फुटी एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. दहा फुटांतून सोफ्याची पाठ वजा केली की डोळे आणि कान टीव्हीपासून साधारण साडेआठ फुटांवर, म्हणजे १०२ इंचांवर येतात. या लेखातला सगळा हिशोब याच हॉलचा आहे. तुमच्या हॉलचे आकडे टाकून तो पुन्हा करा.

टीव्हीचं माप झटक्यात निघतं. पडद्याच्या कर्णाच्या १.६ पट अंतरावर बसलं की पडदा नजरेचा सुमारे ३० अंशांचा भाग व्यापतो, १.२ पट अंतरावर ४० अंश. बातम्या, मालिका, क्रिकेट असं सगळं बघणाऱ्या घराला १.६ बरं पडतं, दिवे मालवून सिनेमाच बघणाऱ्यांना १.२ कडे सरकायला हरकत नाही. १०२ भागिले १.६ म्हणजे ६४, म्हणून ६५ इंची टीव्ही. त्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर हवा. ६५ इंची पडदा ३२ इंच उंच असतो, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून २६ इंचांवर येते. बहुतेक घरांत टीव्ही याहून फूट-दीड फूट वर टांगलेला असतो. मग मान तर दुखतेच, शिवाय खाली ठेवलेल्या सेंटर स्पीकरचा आवाज पात्राच्या तोंडातून न येता त्याच्या पायाखालून आल्यासारखा वाटतो.

प्रोजेक्टरचं काय? १०० इंची पडदा ८७ इंच रुंद असतो. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ असलेल्या प्रोजेक्टरला त्यासाठी जवळपास ११ फूट अंतर लागतं, म्हणजे दहा फुटी हॉलमध्ये तो बसतच नाही. १.२ चा पावणेनऊ फुटांत बसतो, पण दिवसा बाल्कनीतून येणाऱ्या उजेडात चित्र फिकं पडतं. पहिल्या खेपेला टीव्हीच घ्यावा.

आता आवाज. दादासाहेब फाळके आपले त्र्यंबकेश्वरचे, १९१३ नंतर त्यांनी कामही नाशिकला हलवलं. पण त्यांचे जवळजवळ सगळे चित्रपट मूक होते, स्पीकर कुठे ठेवायचा ही कटकट त्यांना नव्हती.

५.१ म्हणजे नेमकं काय

पाच म्हणजे पाच स्पीकर: समोर डावा, उजवा आणि मधला सेंटर, शिवाय बाजूला जरा मागे दोन सराउंड. 'पॉइंट एक' म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा सबवूफर. त्याला पूर्ण आकडा मिळत नाही, कारण त्याच्यासाठी रेकॉर्ड केलेला पट्टा १२० हर्ट्झपर्यंतच असतो. बाकी पाचांना २० ते २०,००० हर्ट्झ असा पूर्ण पट्टा मिळतो. ५.१.२ असं लिहिलं असेल तर शेवटचे दोन छताच्या बाजूचे.

सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ च्या फंदात पडू नका. मागचे जादा दोन स्पीकर डोक्यापासून अर्ध्या फुटावर येतील आणि त्यांच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येणार नाही. नीट लावलेलं ५.१ हे कसंबसं कोंबलेल्या ७.१ पेक्षा केव्हाही सरस.

पाचांत सगळ्यात जास्त काम सेंटर करतो, कारण जवळजवळ सगळे संवाद त्यातून येतात. 'गाणी दणदणीत, पण बोललेलं कळत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा स्वस्तातल्या किंवा चुकीच्या जागी ठेवलेल्या सेंटरची असते. म्हणून दुकानात डेमो ऐकताना बाकीचे स्पीकर बंद करून फक्त सेंटरवर दोन मिनिटं संवाद ऐकवायला सांगा. नाशिकचा एमजी रोड असो की कॉलेज रोड, डेमोची खोली गालिचा-पडद्यांनी मढवलेली असेल, तर तिथल्या आवाजावरून घरच्या आवाजाचा अंदाज येत नाही. संवाद स्वच्छ आहेत की नाहीत, एवढं मात्र तिथे नक्की कळतं. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. नाहीतर पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेलेल्या गाडीचा आवाज मध्येच बदलतो.

आवाजासाठीच्या पैशांतला निम्म्याहून जास्त वाटा स्पीकर आणि सबवूफरवर घालावा, असं आमचं स्पष्ट मत. रिसीव्हर म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात आणि स्पीकरना जिथून ताकद मिळते ते यंत्र. त्यातली एचडीएमआयची सोय काही वर्षांत जुनी होते, पण चांगला स्पीकर वीस वर्षंही वाजतो.

मागच्या भिंतीपर्यंत वायर नेणं शक्यच नसेल तर साउंडबार घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त 'वायरलेस सराउंड' या शब्दांवर भाळू नका. त्या मागच्या स्पीकरना आवाजाची वायर लागत नसली तरी विजेची लागते. सोफ्यामागे प्लग आहे का, ते आधी बघा.

वॅटचा घोळ

खोक्यावर हजारांत लिहिलेले 'पीएमपीओ' वॅट सरळ दुर्लक्षित करा, तो जाहिरातीचा आकडा आहे. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद बघा, आणि त्यातही तो कसा मोजलाय ते बघा. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती)' असा ८० वॅटचा आकडा हा '६ ओहम, एक चॅनेल, १० टक्के डिस्टॉर्शन' अशा १४० वॅटपेक्षा जास्त भरवशाचा.

त्याहून उपयोगाचा आकडा स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे थोड्या ताकदीत तो किती मोठा वाजतो याचा. ८८ डेसिबल म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल. साडेआठ फुटांवर हा आवाज मोकळ्या जागेत सुमारे ८० डेसिबल उरतो, बंद खोलीत थोडा जास्तच. म्हणजे एकाच वॅटमध्ये घरातले 'कमी करा' म्हणायला लागतील एवढा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ८० आणि १०० वॅटच्या रिसीव्हरमध्ये फरक आहे एका डेसिबलचा. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. ते सबवूफरला द्या.

कोण कुठे बसणार

सोफ्याच्या मध्यापासून टीव्हीच्या मध्याकडे सरळ रेषा धरा. डावा आणि उजवा स्पीकर या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर हवेत. साडेआठ फुटांवरून दोघांमधलं अंतर सात ते पावणेदहा फूट येतं. ६५ इंची टीव्ही पावणेपाच फूट रुंद असतो, म्हणजे स्पीकर टीव्हीच्या कडेपासून दोन्हीकडे निदान फूटभर लांब. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग, कानाच्या उंचीला, साधारण तीन-साडेतीन फुटांवर. सेंटर टीव्हीच्या खाली, फळीच्या पुढच्या कडेशी सपाट आणि तोंड जरा वर कानाकडे करून. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला सेंटर घुमतो, कारण भोवतालच्या प्लायमधून आवाज परत येतो.

सराउंड स्पीकर ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा किंचित मागे, कानाहून फूट-दोन फूट उंच. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला असल्याने ही जागा भिंतीतच जाते. त्यामुळे सोफा निदान फूटभर पुढे ओढा. तेही जमत नसेल तर सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानाच्या रेषेत आणि जरा वर लावा. भिंतीला टेकून बसल्यावर खर्ज फुगून ऐकू येतो. त्या फूटभराने तोही आटोक्यात येतो.

ब्रॅकेट ठोकताना भिंत कसली आहे ते बघा. नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात नेहमीची छोटी प्लास्टिकची गिट्टी काही महिन्यांत सैल होते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि लांब नायलॉनचं फिक्सिंग वापरा.

सबवूफर: अर्धा सिनेमा, सगळी भांडणं

मिरवणूक अजून गल्लीच्या वळणापलीकडे असते तेव्हा घरात आधी नाशिक ढोलाचा ठोका पोचतो. ताशाचा कडकडाट नीट ऐकू येतो तो मिरवणूक समोर आल्यावर. सबवूफरचंही तसंच. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात, त्या भिंतींना फारशा जुमानत नाहीत आणि नेमक्या कुठून येतात हेही कानाला कळत नाही. म्हणून सबवूफर टीव्हीशेजारीच हवा असं नाही. आणि म्हणूनच खालच्या मजल्यावरून तक्रार येते ती संवादांची नाही, याची.

तरी 'कुठेही ठेवा' असं मात्र नाही. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते तो सूर खोलीत घुमतो. हा सूर काढायचा तर आवाजाचा वेग, सेकंदाला सुमारे ११३० फूट, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. दहा फुटांना ५६ हर्ट्झ, पंधरा फुटांना ३८, आणि साडेनऊ फुटी उंचीला ५९. रुंदी आणि उंचीचे आकडे चिकटून आलेत, म्हणजे या हॉलमध्ये ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपास हमखास 'बूम' येणार. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये थिएटर करू नये ते याचमुळे. तिथे तिन्ही आकडे एकावर एक पडतात.

जागा शोधायची रीत जरा हास्यास्पद दिसते, पण तिला तोड नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बास गिटार चढत-उतरत जाणारं एखादं गाणं लावा. मग भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, एखादाच फुगत नाही किंवा गायब होत नाही, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात खर्ज सगळ्यात जास्त मिळतो, पण बहुधा सगळ्यात बेढबही. या आकाराच्या हॉलला ८ ते १० इंची सबवूफर भरपूर झाला.

जुन्या वाड्यात, जिथे वरचा मजला लाकडी तुळयांवर असतो, तिथे सबवूफर थेट तक्तपोशीवर ठेवला तर कपाटातली भांडी साथ धरतात. खाली जाड रबर किंवा दाट फोमचा पॅड घाला.

बाकी खोलीसाठी एकच चाचणी: हॉलच्या मध्यात उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून 'ट्र्रर्र' असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर टाइल्स आणि काच आवाज परतवत आहेत. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी, आणि बाल्कनीच्या दाराला जड, चुण्यांचा पडदा, एवढ्यानेही संवाद लक्षात येण्याइतके उजळतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खर्जाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, धूळ तेवढी साठते.

वायरी

स्पीकरच्या वायरीला सोन्याचा भाव द्यायची गरज नाही. शुद्ध तांब्याची १.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळपास १६ गेजची वायर या हॉलला पुरते. दहा मीटरच्या फेरीत जाऊन-येऊन साधारण पाव ओहम रोध येतो. तो स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांखाली असला की झालं, ८ ओहमला ही मर्यादा ०.४ ओहम. खरा धोका 'सीसीए' वायरीचा आहे, वरून तांबं, आत ॲल्युमिनियम. ती स्वस्त आणि हलकी असते, रोध दीडपटीच्या घरात, आणि स्क्रूखाली दाबली की तुटते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर परत करा.

किती लागेल? रिसीव्हर टीव्हीखाली मध्यावर धरला तर सराउंडपर्यंत साडेसात फूट आडवं, दहा फूट मागे, आणि वाटेत दार असेल तर चौकटीवरून सात फूट वर, सात फूट खाली. एकतीस-बत्तीस फूट, म्हणजे दहा मीटर. दोन सराउंडचे २०, समोरच्या तिघांचे ८, वर थोडी सोडून ३२ मीटर घ्या. डाव्या-उजव्या वायरीची लांबी सारखी नसली तरी कानाला काही फरक पडत नाही.

फ्लॅट नवा असेल आणि प्लॅस्टर व्हायचं असेल तर आत्ताच पाइप टाकून घ्या. स्पीकरच्या वायरीला २५ मिलिमीटरचा चालतो. एचडीएमआयसाठी मात्र ४० चा लागतो, कारण केबलचं डोकं लहान पाइपच्या वळणावर अडकतं. वळणाला काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड लावा आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा. विजेच्या पाइपपासून फूटभर अंतर हवं, ओलांडायचं असेल तर काटकोनात. बीम आणि कॉलमला झिरी पाडू देऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही 'काही होत नाही' म्हणाला तरी. भाड्याच्या घरात स्कर्टिंगच्या वरून केसिंग-पट्टी लावली की काम भागतं.

जोडताना रिसीव्हरचा प्लग काढलेला असावा. वायरीचं टोक १२ ते १५ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा आणि एकही केस बाहेर राहू देऊ नका. लाल-काळ्याला एकत्र शिवणारी एक तार पुरते, रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. वायरीच्या एका बाजूला रेघ किंवा छापील अक्षरं असतात. तीच बाजू सगळीकडे लालला, हा नियम एकदा ठरवून पाळा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर काही जळत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि आवाज मध्यावर न जमता पसरट होतो. शंका आली तर रिसीव्हरकडची टोकं सोडवून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर लावा. लाल बाजू सेलच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा.

एचडीएमआय आणि सेटिंग

टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी 'ई-आर्क' किंवा 'आर्क' लिहिलेला, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे पाठवणारा, बहुधा एकच असतो. रिसीव्हरच्या 'आउट' पोर्टमधून केबल तिथेच जायला हवी. साध्या आर्कमधून ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे छताच्या बाजूचे स्पीकरही वापरणारा आवाज, येऊ शकतो, ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज टीव्हीमार्गे यायला ई-आर्क लागतं. ऑप्टिकल केबलमधून ५.१ येतं, ॲटमॉस येत नाही. साधी तांब्याची एचडीएमआय पाच मीटरच्या पुढे ४के ला त्रास देऊ लागते. त्यापुढे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते: 'सोर्स'चं टोक यंत्राकडे, 'डिस्प्ले'चं टीव्हीकडे. उलटी ओढली तर पडदा काळाच.

मग टीव्हीच्या मेनूत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवतात ती सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिंपलिंक या नावाने असतं. डिजिटल ऑडिओ आउटपुट, म्हणजे टीव्ही आवाज कुठल्या रूपात बाहेर पाठवतो ते सेटिंग, 'पीसीएम'वरून काढून 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. हे राहिलं की बहुतेक टीव्हींमधून रिसीव्हरला दोनच चॅनेल मिळतात आणि पाच स्पीकर लावून स्टिरिओ ऐकला जातो. कित्येक घरांत वर्षानुवर्षं हेच चाललेलं असतं. ओटीटीवर ५.१ चा सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या पट्टीवर 'डॉल्बी' हा शब्द उमटतोय का बघा. यूट्यूब आणि केबलवरच्या मालिका बहुतांशी स्टिरिओच असतात, त्यांवरून परीक्षा करू नका.

स्पीकरांचं अंतर आणि आवाज मोजून आपोआप जुळवायला (याला कॅलिब्रेशन म्हणतात) रिसीव्हरसोबत माइक येतो. तो सोफ्यावर हातात न धरता स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवा. पंखे, एसी, फ्रिज बंद करा. रात्र उत्तम. कॅलिब्रेशनआधी सबवूफरची क्रॉसओव्हरची (कुठल्या सुराखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारी) कळ सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवा आणि आवाजाची मध्यावर. मोजणी झाल्यावर दोन गोष्टी तपासा. स्पीकर 'लार्ज' दाखवत असतील तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२०. सबवूफरची लेव्हल उणे १२ वर टेकली असेल तर त्याच्या मागची कळ कमी करून मोजणी पुन्हा घ्या. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर हात लावू नका. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ रिसीव्हरने त्या आकड्यात धरलेला असतो.

संवाद तरीही दबलेले वाटले तर सेंटर २-३ डेसिबल वाढवा. रात्री 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक कॉम्प्रेशन' लावलं की कुजबुज वर येते, स्फोट खाली बसतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ साठी कायद्याची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि ढोलाचं गणित तुम्हाला आता ठाऊक आहेच. तेवढ्या वेळात सबवूफरच खाली घ्यावा.

वीज

रिसीव्हरला ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, पण अर्थिंग खरं असलेला. त्याच्या वर चार ते सहा इंच मोकळी जागा ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद कपाटातला रिसीव्हर तासाभरातच गरम होऊन बंद पडू शकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो भुणभुणतो, साइन वेव्हवर ठीक चालतो. सतत 'हम्म' असा आवाज येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. थांबला, तर दोष त्या केबलच्या अर्थचा. तिच्यावर आयसोलेटर बसवा. प्लगची अर्थ पिन कापून हा आवाज घालवायचा उपाय काही जण सुचवतात, तो जिवावर बेतू शकतो.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की मेन स्विच बंद करून भागत नाही. गच्चीवरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून हाताने काढा, कारण झटका त्या वाटेने एचडीएमआयपर्यंत येतो आणि स्पाइक गार्ड तिकडे बघतही नाही.